जीवाश्मसंग्रहण, हौशी

प्राचीन जीवांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष व्यवसाय म्हणून नव्हे, तर आवडीखातर शोधणे, ते खडकातून सोडविणे आणि स्थळ व थर यांच्या नोंदींसह जतन करणे यास हौशी जीवाश्मसंग्रहण म्हणतात. या व्याख्येतील नोंदींचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. जीवाश्म कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात व कोणत्या इतर अवशेषांबरोबर सापडला हे माहीत नसेल, तर तो केवळ शोभेची वस्तू ठरतो. उलट, नीट नोंद असलेला एखादा मोडका तुकडाही शंभर-दीडशे वर्षांनंतर उपयोगी पडतो. महाराष्ट्राच्या पुराजीवविज्ञानाचा पाया ज्या संग्रहांवर घातला गेला, त्यांपैकी बरेचसे धर्मोपदेशक, डॉक्टर, रेल्वेचे अभियंते अशा हौशी लोकांनीच केलेले होते.

शेल खडकातील ट्रायलोबाइट व ब्रॅकिओपॉड : संथ पाण्याच्या तळाशी साचलेला बारीक चिखल दाबला जाऊन शेल बनतो. त्यातील मृत्तिका खनिजांचे चपटे कण एकमेकांना समांतर बसलेले असल्याने हा खडक पापुद्र्यांप्रमाणे सुटतो. थराच्या कडेवर टाकी ठेवून हलका घाव घातल्यास लादी स्तरण प्रतलावर उकलते. प्राण्याचे कवच याच प्रतलावर आडवे पडलेले असल्याने ते नेमके दोन पापुद्र्यांच्या मध्ये उघडे पडते. खडक फार फोडावा लागत नाही आणि कवचाच्या बारीक खुणाही शाबूत राहतात. यामुळेच हौशी संग्राहकांना शेल विशेष प्रिय आहे.

ट्रायलोबाइट हा संधिपाद प्राण्यांचा पूर्णपणे निर्वंश झालेला सागरी गट असून त्याच्या वीस हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. कँब्रियन काळाच्या पूर्वार्धात, सु. ५२ कोटी वर्षांपूर्वी तो प्रथम आढळतो व पर्मियनच्या अखेरीस, सु. २५ कोटी वर्षांपूर्वी, नाहीसा होतो. शरीराचे लांबीच्या दिशेने मधला व दोन बाजूंचे असे तीन खंड पडलेले असतात, त्यावरून त्याचे नाव पडले आहे. शीर्ष, वक्ष व पुच्छ हे भाग याहून वेगळे, आडवे आहेत. नवशिका संग्राहक या दोन विभागण्यांत नेहमी गोंधळतो. वाढताना हा प्राणी वेळोवेळी कवच टाकीत असे व त्या वेळी कवचाचे भाग सुटे होत. त्यामुळे शेलमध्ये मिळणारे बहुसंख्य नमुने म्हणजे प्रत्यक्ष प्राणी नसून टाकलेल्या कवचांचे तुकडे, त्यांतही शीर्षे व पुच्छे, असतात. संपूर्ण ट्रायलोबाइट मिळणे हा भाग्ययोग होय.

ब्रॅकिओपॉडाचे कवच दोन शिंपांचे असते, पण तो कालव-तिसऱ्यांच्या गटातला नव्हे. तिसऱ्याच्या दोन शिंपा एकमेकींच्या आरशातील प्रतिमेसारख्या असतात. ब्रॅकिओपॉडात एक शिंपा मोठी व एक लहान असते आणि प्रत्येक शिंपेचा डावा भाग उजव्यासारखा असतो. बहुतेक जाती मोठ्या शिंपेच्या चोचीजवळून निघणाऱ्या देठाने तळाशी चिकटून राहत. पुराजीव महाकल्पात हा गट फार भरभराटीस आलेला होता. त्याच्या थोड्या जाती आजही समुद्रात आहेत. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील चिखलात राहणारा लिंग्युला हा त्यांपैकीच एक.

ज्या देशांत पुराजीव महाकल्पातील सागरी शेल उघडे पडले आहेत, तेथे हा छंद जुना आहे. इंग्लंडमधील डड्ली येथील चुनखडकाच्या खाणींत मिळणाऱ्या ट्रायलोबाइटाला खाणकामगार ‘डड्लीचा टोळ’ म्हणत. अमेरिकेतील यूटा राज्यात व्हीलर शेलमधून एल्रेथिया किंगाय या जातीचे नमुने विपुल मिळतात. न्यूयॉर्क राज्यातील रोम या गावाजवळ डब्ल्यू. एस्. व्हॅलिअंट या स्थानिक संग्राहकाला १८९२ मध्ये शेलच्या एका पातळ थरात असे ट्रायलोबाइट मिळाले की, ज्यांचे पाय व स्पर्शिकाही पायराइटच्या रूपात टिकून राहिल्या होत्या. ट्रायलोबाइटांच्या उपांगांविषयीचे बरेचसे ज्ञान त्या एका थरावरून मिळालेले आहे.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात ट्रायलोबाइट मिळत नाहीत, आणि ते का मिळत नाहीत हे समजून घेणे येथील संग्राहकाला हातोड्याइतकेच आवश्यक आहे. राज्याचा बहुतेक भाग सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी, म्हणजे दक्षिण ट्रॅपने, झाकलेला आहे. त्याखालून अथवा त्याच्या कडेने जे जुने गाळाचे खडक डोकावतात, त्यांचे वय किंवा त्यांची उत्पत्ती या प्राण्यांशी जुळत नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात व सिंधुदुर्गात कलादगी संघाचे वालुकाश्म व शेल आहेत, यवतमाळ-चंद्रपूरकडे पैनगंगा संघाचे चुनखडक व शेल आहेत. पण हे दोन्ही संघ कँब्रियनच्या आधीचे आहेत. कलादगीच्या चुनखडकांत, विशेषतः कर्नाटकातील बागलकोट भागात, सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले स्ट्रोमॅटोलाइट मिळतात. कवचधारी प्राणी त्या काळी अस्तित्वातच नव्हते. विदर्भातील गोंडवनी संघाचे काही शेल मात्र पर्मियन काळातील आहेत, म्हणजे ते साचत असताना समुद्रात शेवटचे ट्रायलोबाइट वावरत होते. परंतु हे शेल नद्या, दलदली व सरोवरे यांत साचलेले असल्याने त्यांत सागरी प्राणी नाहीत. कोळशाच्या थरांलगतच्या अशा शेलमध्ये जिभेच्या आकाराची, जाळीदार शिरांची ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीची पाने मिळतात. उघड्या खाणींतून बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगांतही ती दिसतात.

ब्रॅकिओपॉडांच्या बाबतीत महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पाहावे लागते. मध्य प्रदेशातील उमरिया येथे १९२१ मध्ये पर्मियन काळातील सागरी थर उघडकीस आला व त्यातून प्रॉडक्टस गटातील ब्रॅकिओपॉड मिळाले. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ थर (क्रिटेशस) व कच्छमधील जुरासिक खडक यांतही ते मिळतात. भारतातील ट्रायलोबाइट मुख्यत्वे स्पिती व काश्मीर येथील कँब्रियन खडकांतील आहेत. स्पितीच्या ट्रायलोबाइटांचे एफ्. आर्. सी. रीड यांनी केलेले वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. येथील विद्यार्थ्यांच्या हाती बाजारातून येणारा ट्रायलोबाइट बहुधा मोरोक्कोतील असतो. अशा नमुन्यांत निरनिराळ्या तुकड्यांना राळेने जोडून ‘पूर्ण’ केलेले नमुने बरेच असतात, आणि खरे असले तरी त्यांच्यासोबत स्थळाची नोंद क्वचितच येते.

जयसिंगपूर व कृष्णा खोरे : जयसिंगपूर (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) परिसराचे उदाहरण पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागाला लागू पडते. येथे वर काळी माती व नदीचा गाळ आणि खाली बेसाल्ट अशी रचना आहे. विहीर खणताना दोन लाव्हा थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागतो. तो बहुधा लाव्ह्याचा पृष्ठभाग कुजून झालेला असून त्यात जीवाश्म अपेक्षित नाहीत. या भागात लाव्हा थर एकापाठोपाठ एक इतक्या जलद साचले की, मधल्या काळात तळी निर्माण होऊन त्यांत गाळ साचण्यास फारसा अवसरच मिळाला नाही. बेसाल्टातील पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे पुंजके, भेगांत मँगॅनिजच्या संयुगांनी काढलेली नेच्यासारखी नक्षी व काळ्या मातीतील मुळांच्या आकाराचे चुनखडे या तीन वस्तू जीवाश्म म्हणून वारंवार दाखविल्या जातात. त्यांपैकी एकही जीवाश्म नव्हे. नक्षीच्या रेषा भेगेच्या कडेपासून फुटतात व त्यांत पानाची मध्यशीर नसते, एवढे पाहिले तरी फसगत टळते.

खरे जीवाश्म या खोऱ्यात दोन ठिकाणी संभवतात. एक म्हणजे नद्यांच्या काठांवरील जुना, घट्ट झालेला वाळू-गोट्यांचा थर. जयसिंगपूरच्या दक्षिणेस सु. ७० किमी. वर गोकाकजवळ, घटप्रभेच्या खोऱ्यातील अशाच गाळात रॉबर्ट ब्रूस फूट यांना निर्वंश गेंड्याचे अवशेष मिळाले. १८७४ मध्ये त्यांनी त्यांस ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस असे नाव दिले. गोदावरीच्या गाळात नांदूर मध्यमेश्वर येथे मिळालेल्या निर्वंश हत्तीचे वर्णन जी. ई. पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये केले. दुसरे ठिकाण म्हणजे ट्रॅपची कड. गोकाकच्याच परिसरातील आंतर-ट्रॅपी थरांतून गोंडवानाथेर या निर्वंश सस्तन गटातील प्राण्याचे दात मिळाल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. असे दात काही मिलिमीटरांचे असतात. माती पोत्यांनी आणून, भिजवून, बारीक चाळण्यांतून धुऊन व उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली निवडून ते मिळवावे लागतात. शिवारात फिरणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसणार नाहीत. परंतु थर कोठे उघडा पडला आहे, हे त्यालाच प्रथम दिसू शकते.

हिस्लॉप व हंटर : स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक नागपुरात शाळा चालवीत होते. रॉबर्ट हंटर (१८२३–९७) हे १८४७ मध्ये त्यांना येऊन मिळाले. १८५१ मध्ये, म्हणजे कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था स्थापन झाली त्याच वर्षी, नागपूरच्या वायव्येस टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधील खडकात त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींची कवचे आढळली. फायसा प्रिन्सेपाय ही त्यांतील सर्वपरिचित जाती जे. जी. माल्कमसन या लष्करी डॉक्टरने आधीच निर्मळच्या डोंगरांतून मिळविली होती. नागपूरच्या थराचे वैशिष्ट्य असे की, त्यातून कवचांबरोबर फळे, बिया, लाकूड, कीटक व ऑस्ट्रॅकॉड असा एका तळ्याचा जवळजवळ सबंध संसार हाती आला.

या दोघांनी पुढील काही वर्षांत सुटीच्या दिवसांत व दौऱ्यांत नागपूरपासून चंद्रपूरपर्यंतचा मुलूख पायाखाली घातला. १८५५ मध्ये त्यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. वनस्पतींचे वर्णन चार्ल्स बन्बरी यांनी, ऑस्ट्रॅकॉडांचे रूपर्ट जोन्स यांनी, कीटकांचे अँड्रू मरी यांनी, तर चंद्रपूर भागातील मांगली येथे मिळालेल्या उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओएन यांनी ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स या नावाने केले. हिस्लॉप यांनी स्वतः गोगलगायींच्या जातींवर १८६० मध्ये लिहिले. ज्या गोष्टी आपल्याला ओळखता येत नाहीत, त्या ओळखू शकणाऱ्याकडे धाडावयाच्या, हा त्यांचा परिपाठ होता, आणि एवढ्या दूरच्या मुलुखातून तो पाळणे सोपे नव्हते.

मांगलीच्या खडकांत एस्थेरिया या क्रस्टेशिया वर्गातील प्राण्याची कवचेही विपुल आहेत. काही मिलिमीटरांचे, दोन शिंपांचे, वाढीच्या समकेंद्री रेषा असलेले हे कवच लहानशा ब्रॅकिओपॉडासारखे दिसते. शेलमध्ये ब्रॅकिओपॉड शोधणाऱ्या महाराष्ट्रातील संग्राहकाला त्याच्या जवळात जवळचे जे मिळू शकते ते हेच. मात्र ते खारे नव्हे, तर गोड्या पाण्याचे निदर्शक आहे, आणि चुकीची ओळख झाल्यास सबंध खडकाची उत्पत्तीच चुकीची ठरते.

हिस्लॉप यांनी टाकळीचे थर तृतीय कल्पातील मानले होते. पुढे बिरबल साहनी यांनीही वनस्पतींच्या आधारे, छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील विपुल अवशेष विचारात घेऊन, आंतर-ट्रॅपी थरांना इओसीन वय दिले. आज नागपूर भागातील थर क्रिटेशसच्या अगदी अखेरचे मानले जातात. निष्कर्ष बदलले तरी स्थळांची नोंद नेमकी असल्याने हिस्लॉप यांचा संग्रह निरुपयोगी झाला नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला.

त्यांनी नोंदविलेल्या स्थळांपैकी चंद्रपूर जिल्ह्यातील (ता. वरोडा) पिसदुरा हे सर्वांत फलदायी ठरले. येथील शेतांत लॅमेटा थरांतून सुटलेली डायनोसॉरांची हाडे व विष्ठाश्म नांगरटीबरोबर वर येतात. हाडांचा अभ्यास रिचर्ड लिडेकर यांनी, तर विष्ठाश्मांचा सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये केला. २००५ मध्ये वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांना पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताच्या पेशींत बनणारे सिलिकेचे सूक्ष्म कण आढळले. गवते डायनोसॉरांच्या काळीच अस्तित्वात होती व त्यांचे निरनिराळे उपगटही तोवर वेगळे झाले होते, हे त्यावरून सिद्ध झाले. तोपर्यंत गवतांचा इतिहास याहून बराच अलीकडचा समजला जात असे. हातात घेतल्यास हे विष्ठाश्म साध्या मातकट गोट्यांसारखे दिसतात, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वरळीचा बेडूक-शेल : महाराष्ट्रात शेल उकलून प्राणी मिळण्याचे सर्वोत्तम उदाहरण मुंबईत होते. वरळीच्या टेकडीत बेसाल्टाखाली काळसर शेलचा थर असून त्याच्या पापुद्र्यांवर अगदी लहान बेडकांचे सांगाडे उमटलेले असत. रेल्वेचे अभियंते जी. टी. क्लार्क यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून ओएन यांनी १८४७ मध्ये राना पुसिला ही जाती स्थापिली. १९३० मध्ये जी. के. नोबल यांनी तिच्यासाठी इंडोबॅट्रॅकस हा स्वतंत्र वंश निर्माण केला व तिचे ऑस्ट्रेलियातील बेडकांशी नाते सुचविले. मुंबईतील डॉक्टर ए. एच्. लीथ यांना येथेच कासवाचे अवशेष मिळाले. दुसरे डॉक्टर एच्. जे. कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूविज्ञानावरील १८५२ मधील निबंधात त्यास टेस्टुडो लीथाय असे नाव दिले. आता त्याचा वंश कार्टरेमिस म्हणून ओळखला जातो. मुंबईचे हे थर नागपूरच्या थरांहून थोडे अलीकडचे, पॅलिओसीनच्या प्रारंभीचे, मानतात. वरळीचा बहुतेक शेल रस्ते व इमारती यांखाली गेला आहे. टाकळीही नागपूर शहराच्या वस्तीत आली आहे. अशा स्थळी नव्याने खणता येत नसल्याने, पूर्वी गोळा केलेला व थराची नोंद असलेला नमुना हाच पुरावा उरतो. पाया, विहीर, बोगदा किंवा खाण यांसाठी जेव्हा नवा खडक काही दिवसांपुरता उघडा पडतो, तेव्हा तो पाहणारा बहुधा स्थानिक माणूस असतो. शास्त्रज्ञ पोहोचेपर्यंत तो खडक खडी होऊन गेलेला असतो.

संग्रहणाची रीत : चौकोनी तोंडाचा हातोडा, चपटी टाकी, दहापट मोठे दाखविणारे भिंग, डोळ्यांच्या रक्षणासाठी चष्मा, जुनी वर्तमानपत्रे व वही एवढी साधने पुरतात. घाव घालण्यापूर्वी खडकाच्या पायथ्याशी पडलेला चुरा पाहावा. थरात काय आहे हे बहुतेक वेळा तेथेच कळते. लादी उकलल्यावर तिच्या दोन्ही बाजू जपाव्यात. एकीवर कवच व दुसरीवर त्याचा साचा असतो, आणि बारीक खुणा पुष्कळदा साच्यातच अधिक स्पष्ट असतात. नमुन्याला व वहीतील नोंदीला तोच क्रमांक जागेवरच द्यावा. घरी गेल्यावर देऊ, असे म्हणून ठेवलेले क्रमांक चुकतात. नोंदीत गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, थराची जाडी, त्याच्या वरचा व खालचा खडक आणि दिनांक असावा. सुटा मिळालेला दगड असेल तर तसे स्पष्ट लिहावे. खडीच्या ट्रकमधून, पुराच्या पाण्यातून किंवा देवळाच्या बांधकामासाठी आणलेले दगड मूळ स्थळापासून फार दूर गेलेले असू शकतात.

शेल ओला असताना उकलू नये व उन्हात वाळवू नये, तो तडकतो. पायराइट असलेला शेल पावसाळी हवेत फुलून भुगा होतो, म्हणून कोरड्या डब्यात ठेवावा. व्हार्निश चोपडण्याची जुनी सवय घातक आहे, कारण ते पिवळे पडते व पुढे निघत नाही. बळकटी आणणे अगदी आवश्यक असेल, तर द्रावकाने पुन्हा काढता येईल अशी विरल राळ वापरतात.

खाजगी शेतात वा खाणीत मालकाची, वनजमिनीवर वनखात्याची परवानगी लागते. संरक्षित क्षेत्रांतून दगड उचलता येत नाही. सिरोंचा तालुक्यातील (जि. गडचिरोली) वडधम येथे शिळारूप लाकूड व डायनोसॉरांचे अवशेष जागेवरच जपण्यासाठी जीवाश्म उद्यान केलेले आहे. भूवारसास्थळे व भू-अवशेष यांच्या संरक्षणासाठी विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला. पृष्ठवंशी प्राण्याचे हाड जमिनीत रुतलेले दिसल्यास ते उपटू नये. छायाचित्र व स्थळ घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास अथवा पुण्यातील डेक्कन कॉलेज किंवा आघारकर संशोधन संस्था यांस कळवावे. आघारकर संस्थेत कच्छमधील अमोनाइट इ. जीवाश्मांचा मोठा संग्रह असून कच्छमधून आणलेले ब्रॅकिओपॉड ताडून पाहण्यास तो उपयोगी आहे. संग्राहकाच्या पश्चात संग्रह विखुरतात व चिठ्ठ्या नमुन्यांपासून वेगळ्या होतात; म्हणून संग्रह द्यावयाचा असल्यास तो वहीसह, आपल्या हयातीत व एकाच संस्थेस द्यावा.